मागं वळून न बघणारा मामेलू

मामेलूच्या बापानं त्याला आधी गप्प बसायला शिकवलं आणि मग पोहायला. त्यांच्या बेवातू गावातली बाकीची पोरं आधी पोहायला शिकत. गप्प बसायला तर त्यातली काही म्हातारी झाली तरी शिकली नाहीत. पण त्यांचे बाप कासवं धरणारे नव्हते. मामेलूचा बाप कासवं धरी, आजा धरी, आणि त्यांच्या घरामागं चिंचेखालच्या मांडवावर कासवांच्या कवट्या अशा ओळीनं मांडलेल्या असत, की नव्या सुना पहिले काही दिवस परसात जाताना कुणाला तरी सोबत घेत.

त्या घराचा नियम कडक होता. कासव नजरेस पडल्यापासून ते होडीत येईपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही, आणि होडीच्या पुढच्या टोकाशी जो उभा असेल त्यानं मागं वळून बघायचं नाही. लहानपणी एकदा मामेलू ऐन वेळी शिंकला. एवढी जोरात शिंक, की कासव तर गेलंच, होडीच्या बाजूला तोलासाठी बांधलेल्या लाकडावर, उलांडीवर, बसलेला बगळाही उडाला. बापानं अवाक्षर न काढता होडी वळवली, घरी आणली आणि बायकोला म्हणाला, "घे हा तुझा मसिकुरू. याला मका पेरायला पाठव."

मसिकुरू म्हणजे आत रानाकडं राहणारे, शेती करणारे, गुरं राखणारे लोक. भली माणसं. पण बेवातूतली माणसं वेझू, समुद्रावर जगणारी, आणि समुद्रावर चुकलेल्या वेझू माणसाला मसिकुरू म्हणण्याएवढी जिव्हारी लागणारी शिवी दुसरी नाही. मामेलू त्या दिवशी जेवला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच्या धाकट्या चुलत्याचं जे झालं ते मामेलूनं डोळ्यांनी पाहिलं होतं. भाला लागला, दोर सळसळत सुटायला लागला आणि चुलता भान विसरून ओरडला, "अरे बघ, केवढं आहे!" त्यासरशी बापाची मान मागं वळली, हातातला दोर ढिला पडला, त्याचा वेढा चुलत्याच्या पायात बसला, आणि पाण्यावर एक गवती टोपी उरली. चुलता सापडला नाही. वेझू माणसाला मरणाची भीती बेताचीच असते. पण आपली हाडं कुळाच्या थडग्यात पोचणार नाहीत, या भीतीचा नुसता उल्लेख निघाला तरी हसती खेळती बैठक मोडते. बापानं थडग्यात भावाच्या नावानं एक दगड ठेवला. मामेलूला तो दगड पुढं कितीतरी वर्षं स्वप्नात दिसे, आणि स्वप्नात तो नेहमी ओला असे.

तेव्हा मामेलू समुद्रावर गप्प असे तो ऐटीनं नव्हे. भ्यायलेला असे म्हणून.

पुढं समुद्राचा अभ्यास करणारे परदेशी लोक आले, टेकाडावर झोपड्या बांधून राहू लागले, आणि गावसभेनं ठराव केला की यापुढं कासव मारायचं नाही. मामेलू चार दिवस तोंड पाडून बसला. तिथं बिकेनी आला. बिकेनी त्याच्या थट्टेच्या नात्यातला. दोघांच्या कुळांना एकमेकांना वाटेल ते बोलायची पिढ्यान्‌पिढ्यांची मुभा, आणि जो रागावेल त्यानंच दंड म्हणून कोंबडं द्यायचं.

"काय मामेलू, आता काय मारणार? माश्या?"

"तुला मारीन. तुझ्यावर अजून बंदी आलेली नाही."

"मला खायचं तर दात लागतात, म्हाताऱ्या!"

मग परदेशी लोकांनाच असा माणूस हवा झाला, जो कासव जिवंत धरून देईल. ते धरायचं, पाठीची लांबी रुंदी मोजायची, वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूची चकती लावायची आणि सोडून द्यायचं. गावात असं काम करू शकणारा एकच. हे ऐकून बिकेनी वाळूत गडबडा लोळला. "माप घ्यायचं, डूल घालायचं आणि घरी पाठवायचं! अरे, तू कासवांचा शिंपी झालास की रे!"

मामेलूनं भाला वळचणीला खोचला आणि नवं साधन घेतलं: लांब काठीच्या टोकाला मोठी कडी, कडीला जाळ्याची पिशवी, पिशवीला दोर आणि दोराला तरंगता डबा. कासवावर कडी टाकली की पिशवी सुटून त्याच्याभोवती आवळते, आणि मग ते थकेपर्यंत होडी ओढत नेतं. भाला नाही, रक्त नाही. नियम मात्र मामेलूनं जुनाच ठेवला.

दर मोसमात नवी परदेशी पोरं यायची. उन्हात उकडलेल्या खेकड्यासारखी लाल व्हायची, मासे मोजायची, वाळूतली घरटी राखायची, आणि या सगळ्यासाठी म्हणे पदरचा खर्च करून यायची. मामेलूची बायको सुआझारा हे ऐकून थक्क व्हायची. "यांच्या घरी कामं नाहीत का? आया काही बोलत नाहीत?"

त्यांतलीच एक आयनो. फिनलंडची. उंच, पांढऱ्या पापण्यांची, आणि बोली शिकायचा असा ध्यास, की कोंबड्यांनासुद्धा नमस्कार घालायची. ती जेवायला सुआझाराकडं असे. तिनं एकदा भात खाता खाता सांगितलं की तिच्याकडचा समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि माणसं त्यावरून चालत जातात.

"चालत?" सुआझारानं विचारलं.

"चालत. गाडीसुद्धा नेतात, नेनी."

बिकेनी दारात बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे समुद्रावर चालणारे मसिकुरू! मामेलू, हिला जप. ही होडीतून उतरून सरळ चालायला लागेल."

सगळे खळखळून हसले. आयनोही हसली. ती मामेलूला बाबा म्हणे, सुआझाराला नेनी म्हणजे आई, आणि सुआझारा रोज सकाळी तिच्या गालांना पिवळा चंदनी लेप लावून तिला उन्हातून वाचवू बघे.

पहिल्याच फेरीत आयनोनं घात केला. कासव वर आलं, आणि ती आनंदानं ओरडली, "बाबा! ते बघा!" कासव गेलं. पण मामेलूच्या अंगावर काटा आला तो कासवासाठी नव्हे. शब्द तेच होते, चुलत्याचे. किनाऱ्याला लागल्यावर त्यानं तिला वाळूत बसवलं आणि सगळं सांगितलं. दोर कसा सुटला, पाय कसा अडकला, टोपी कशी तरंगली. शब्द अडले तिथं हातानं करून दाखवलं. आयनोच्या चेहऱ्यावरचा पिवळा लेप तेवढा उरला, खालचा रंग उडाला.

"एक शब्द नाही," मामेलू म्हणाला. "काही झालं तरी. कासव होडीत येईपर्यंत."

"काही झालं तरी," आयनो म्हणाली.

ती गुणी पोर होती. सांगितलेलं ऐकणारी. तिथंच सगळं बिनसलं.

त्यानंतर बरेच दिवस कासव मिळालं नाही. आयनोचे परत जायचे दिवस जवळ आले आणि टेकाडावरच्या तिच्या सोबत्यांनी तिला चिडवायला सुरुवात केली. त्या दिवशी उधाणाची ओहोटी होती. गावच्या बायका खडकावर ऑक्टोपस टिपायला निघाल्या होत्या, आणि मामेलू आयनोला घेऊन किनाऱ्यापुढच्या त्या खडकाच्या कड्याबाहेर, मोकळ्या पाण्यात गेला. निघताना सुआझारा म्हणाली, "वारा लवकर उठेल असं दिसतंय. पोरीला कोरडी आण."

"समुद्रावर नेऊन कोरडी? तू तुझे ऑक्टोपस बघ."

दुपार कलायला लागली तेव्हा कासव दिसलं. मोठं, हिरवट, शेवाळलेल्या पाठीचं. मामेलूनं खूण म्हणून नुसता पंजा उघडला. मागं आयनोनं वल्हं हलकेच पाण्यात घातलं. एक थेंब वाजला नाही. मामेलूच्या मनात आलं, बाप असता तर या पोरीला मांडीवर घेऊन बसला असता. होडी सरकत सरकत जवळ गेली, कडी पडली, पिशवी आवळली, आणि कासवानं असा हिसका दिला की होडीचं पुढचं टोक पाण्यात बुडून वर आलं. मामेलू गुडघ्यांवर आदळला, पण दोर सोडला नाही.

कासव दक्षिणेकडं निघालं. वाऱ्याच्या तोंडावर. होडी लाटांवर आपटत त्याच्यामागं. मामेलूचे दोन्ही हात दोरावर, नजर दोर जिथं पाण्यात शिरत होता तिथं. कासव एकदा खडकाकडं वळलं, मग बाहेर, मग पुन्हा दक्षिणेला. पाणी तोंडावर उडत होतं. मागून आवाज नाही. श्वाससुद्धा नाही. मामेलू मनात म्हणत होता, शाबास पोरी, शाबास. त्याची छाती अशी भरून आली होती की त्याला ते ओढणं संपूच नये असं वाटत होतं.

शेवटी कासव दमलं. दोर सैल पडला. मामेलूनं तो हातात गुंडाळत पुढं घेतला, कासवाची पाठ होडीला घासली, आणि त्यानं मदतीसाठी मागं हात केला. हातात काही आलं नाही. त्यानं तो हात तसाच थोडा वेळ धरला. मग हलवला. बोटं मिटून उघडली.

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, कासव बाहेर असताना, मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं. तिची बसायची फळी ओली होती. पाण्याची बाटली तळाला इकडून तिकडं लोळत होती. त्याच्या पलीकडं नुसता समुद्र.

मामेलूला पहिल्यांदा आठवलं ते एवढंच, की हिसका कधी बसला होता. म्हणजे पोर केव्हाची पाण्यात होती. त्यानं सुरी काढली आणि दोर तोडला. कासव, जाळं, डबा, सगळं गेलं.

आता जायचं कुठं? कुणीही वेझू माणूस पाण्यावरची जागा किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखतो. अमुक झाड अमुक टेकडीच्या रेषेत आलं की झालं. मामेलू झोपेतही सांगू शकला असता. पण या सगळ्या वेळात त्यानं किनाऱ्याकडं पाहिलंच नव्हतं. त्यानं फक्त दोर पाहिला होता. पोर कुठं पडली हे त्याला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारं एकच माणूस पाण्यात होतं.

ऊन पश्चिमेला कललं होतं आणि बाहेरचा सारा समुद्र चकाकत होता, डोळा ठरत नव्हता. प्रत्येक लाटेचा काळा माथा डोक्यासारखा दिसे, आणि मग फुटे. वारा उठला होता. मामेलू उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. इतक्या वर्षांची सवय घशात दगडासारखी बसली होती. आपण ओरडलो आणि पाण्यानं ऐकलं तर? चुलत्याला ऐकलं होतं. त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, आणि मग ओरडला.

"आयनो! आयनो ग!"

उत्तर नाही. त्यानं शीड थोडं सोडलं आणि उत्तरेकडं सरकू लागला. ओरडायचा, थांबायचा, कान द्यायचा. नुसता वारा. त्याच्या डोळ्यांसमोर सुआझारा येत होती, चंदनाची वाटी हातात घेतलेली. मग आयनोची खरी आई येत होती, जिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि जिच्या गावाला समुद्र गोठतो. त्या बाईला आपण काय पाठवणार? दगड? परक्या मुलखात एक दगड पाठवायचा आणि सांगायचं, हा घ्या, हिला आम्ही गप्प बसायला शिकवलं होतं.

"आयनो!"

ओहोटी खडकातल्या मोठ्या खिंडीतून बाहेर ओढत होती. वारा उत्तरेला ढकलत होता. उत्तरेला खडकाचा तो भाग होता ज्याला गावात दात म्हणतात. तिथं लाट फुटते तेव्हा पायाखालची जमीन थरथरल्याचं किनाऱ्यावरही कळतं. त्याचा आवाज आत्ताच ऐकू येऊ लागला होता.

आणि तो आवाज ऐकता ऐकता मामेलूच्या डोक्यात लख्ख झालं. दात कड्यावरचे, वाऱ्याच्या वाटेबाहेरचे. त्यांचं गरजणं ऐकू येतं. पण पोर त्याच्या थेट उत्तरेला असेल, तर वारा त्याची हाक तिच्यापर्यंत नेत असणार, आणि तिची हाक मात्र उचलून पलीकडं टाकत असणार. ती कदाचित मघापासून ओ देत असेल. तो ओरडतोय, ती ओ देतेय, आणि तो ऐकतोय ते रिकामं.

मग एकच उपाय होता. शीड पूर्ण सोडायचं, न शोधता, न थांबता, सरळ उत्तरेला निघून जायचं. तिच्या बाजूनं पुढं जायचं. तिला ओलांडायचं. आणि पलीकडं थांबून वाऱ्यातून काय येतं ते ऐकायचं. तिनं होडी येताना पाहिली तर? आणि ती होडी न थांबता जाताना पाहिली तर? वाटेत पोर उलांडीखाली आली तर? आणि ती तिथं नसलीच, बाहेर वाहून गेली असली, तर तेवढा उजेड वाया.

मामेलूनं शीड सोडलं.

होडी पळाली. तो बघत होता, पण आता बघण्यावर त्याचा भरवसा नव्हता. पाणी दोन्ही बाजूंनी मागं जात होतं आणि त्यातल्या प्रत्येक हातभर पाण्यात आपण तिला सोडून चाललोय असं त्याला वाटत होतं. दात जवळ आले. फेस दिसायला लागला. त्यानं शीड उतरवलं, वल्ह्यानं होडी वाऱ्याकडं वळवली, आणि श्वास रोखला.

लाटा. वारा. शिडाच्या कापडाची फडफड. त्यानं ती पायाखाली दाबून धरली. पुन्हा लाटा. मग एक पक्षी ओरडला. मग पुन्हा ओरडला. आणि मग त्या पक्ष्यानं "बाबा" म्हटलं.

वाऱ्याविरुद्ध शीड चालत नाही. मामेलूनं वल्हं मारलं. म्हाताऱ्या माणसानं, एकट्यानं, दातांकडं ओढणाऱ्या पाण्यातून. त्यानं कधी वल्हं असं मारलं नव्हतं. दर वल्ह्याला तो काहीतरी बोलत होता, काय ते त्यालाच ठाऊक नाही. "आलो, बोल, आलो, बोलत राहा, थांबू नको, बोल, गाणं म्हण, शिवी दे, काहीही बोल!" आणि समोरून, लाटेमागून, बोली आणि तिची भाषा यांचं काहीतरी कडबोळं येत होतं, मध्येच तुटत होतं, आणि तुटलं की मामेलूचं काळीज थांबत होतं.

ती पाठीवर तरंगत होती. ओठ निळे. त्यानं वल्हं पुढं केलं. तिची बोटं ते धरीनात. मग त्यानं उलांडीच्या वाशावर पोटावर झोपून तिला केसांना धरून ओढलं, जसं मिळेल तसं. होडी कलली, दातांवरची लाट तिच्या मागं फुटली, फेस दोघांवरून गेला. ती होडीच्या तळात पडली आणि खारं पाणी ओकायला लागली. मामेलूनं वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही, खिंडीच्या दिशेनं वल्हं मारत राहिला, आणि कड्याच्या आत शांत पाण्यात आल्यावरच थांबला.

"ओरडली का नाहीस?" त्यानं विचारलं. "पडल्या पडल्या का नाही ओरडलीस ग?"

आयनोचे दात वाजत होते. "कासव... कासव अजून होडीत आलं नव्हतं ना, बाबा."

हे ऐकल्यावर मामेलूनं वल्हं होडीत ठेवलं. ती पुढं म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही वळाल. मी चांगली पोहते. मग होडी लांब गेली. मग मी ओरडले. मग तुमचा आवाज ऐकला, सारखा ऐकला, मी ओ देत होते. मग होडी आली, आणि शेजारून गेली."

"हो," मामेलू म्हणाला. "शेजारून गेली."

किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या. सुआझारानं पोरीला अंगावरच्या फडक्यात गुंडाळलं, आणि मग नवऱ्याला अशा शिव्या दिल्या, की बेवातूत त्या अजून नमुना म्हणून सांगतात. बिकेनी धावत आला. गावातले सगळे बाजूला सरले. आता हा बोलणार, आणि मामेलू मसिकुरू झाल्याची बातमी उजाडायच्या आत पुढच्या तीन गावांत जाणार. बिकेनीनं तोंड उघडलं. मामेलूकडं पाहिलं. मग त्यानं होडीत हात घालून ती बाटली काढली, झाकण उघडलं आणि मामेलूच्या तोंडाला लावली.

"पी," एवढंच म्हणाला.

तुटक्या दोराचं जाळं मामेलूला पुढं खाजणात सापडलं. फाटलेलं होतं, रिकामं होतं. कासवाचं काय झालं कुणाला माहीत नाही.

आयनोला पुन्हा समुद्रावर जायचं होतं. निरोपाला दोनच दिवस राहिले असताना ती मामेलूच्या दाराशी येऊन बसली. "बाबा, शेवटची फेरी."

"माझ्याबरोबर नाही."

"भीती वाटते?"

"हो," मामेलू म्हणाला. बेवातूत एखाद्या वेझू पुरुषानं हे असं सरळ सांगितल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

ती बिकेनीच्या होडीतून गेली. तेव्हापासून मामेलू परदेशी माणसाला होडीत घेत नाही. पण कुणाच्याही होडीतून परदेशी पोरं बाहेर गेली की तो किनाऱ्यावर वाळूत येऊन बसतो. सुआझारा भात पाठवते, तो तसाच झाकून ठेवतो. शीड दिसेपर्यंत खात नाही; शीड दिसलं की उभा राहतो, आणि आतली सगळी डोकी ओळखता येईपर्यंत बसत नाही. पोरंसोरं त्याची नक्कल करतात. नवी परदेशी पोरं त्याला वेडा म्हातारा समजतात, मग कुणीतरी त्यांना सांगतं, मग ती जाताना त्याला हात करतात.

तो हात करत नाही. होडी पाण्यात सरकली की तो गुडघाभर पाण्यात शिरतो आणि जिवाच्या आकांतानं ओरडतो, "बोलत राहा रे! मागच्यांनो, बोलत राहा!" आणि होडीच्या मागच्या टोकावरून कुणीतरी ओ देईपर्यंत पाण्यातून बाहेर येत नाही.